काठावरचा शिक्का

मुंबईला थंडी पडते ती पंधरवडाभर, तीही पहाटेपुरती. तरी डिसेंबर उजाडला की लोअर परळमध्ये काचेआडचे पुतळे लोकरीच्या शाली, झालरीचे कोट आणि ठिगळांचे घोळदार झगे पांघरून उभे राहतात. या थाटाला ‘बोहेमियन’ म्हणतात. ही जागा 1905 साली सुरू झालेल्या फिनिक्स मिलची. तिथल्या पॅलेडियममध्ये 2009 पासून बड्या नाममुद्रांची दुकाने आहेत. त्याच परळच्या रस्त्याकडेला तिबेटी विक्रेते हिवाळ्यात स्वेटर मांडत आले. तिथे गिऱ्हाईक लोकर बोटांनी चाचपते, लेबल शोधत नाही.

बोहेमियन हा शब्द मुळात भटक्यांचा. जिप्सी बोहेमियातून आले अशी फ्रेंचांची समजूत. एकोणिसाव्या शतकात ते नाव पॅरिसच्या कफल्लक कलावंतांना चिकटले. पुच्चिनीच्या ‘ला बोएम’ (1896) या ऑपेरात ऊब मिळावी म्हणून एकजण आपल्या नाटकाचे हस्तलिखित जाळतो, तर दुसरा मित्राच्या आजारी प्रेयसीसाठी आपला कोट गहाण टाकायला निघतो. बोहेमियन हिवाळ्याची खरी खूण म्हणजे अंगावरून गेलेला कोट! आपल्याकडे ठिगळांची हीच कला गोधडीत होती. जुन्या लुगड्यांच्या थरांवर धावदोरा घालून ती शिवली जाई. तिच्यावर शिवणारीचे नाव नसे.

गिरणीच्या कापडाला मात्र नाव होते. ताग्याच्या काठावर ते छापलेले असे. विकत घेताना ते पाहायचे. शिंपी तो काठ आत दाबी नाहीतर कापून टाकी. आता नाव आतून बाहेर आले, थेट छातीवर. तो शिक्का कापड कुठे विणले हे सांगत असे. आजचे लेबल ते कोणाच्या नावावर विकले एवढेच सांगते.

18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा मी बँकेत नवा होतो. कर्ज मालावर दिले जाई. गोदामातल्या गासड्या मोजायच्या आणि दाराला बँकेचे कुलूप लावायचे. नुसत्या नावावर कोणी दमडी देत नसे. पुढच्या चाळीस वर्षांत हा हिशेब उलटला. माल गेला, माणसे गेली, नाव राहिले. बॉम्बे डाइंग हे 1879 पासूनचे नाव चादरींवर टिकले. तिच्या दादर-नायगावच्या स्प्रिंग मिलच्या जागी मनोरे उभे राहिले आणि वरळीची सुमारे 22 एकर जमीन 5,200 कोटी रुपयांना विकण्याचा व्यवहार 2023 मध्ये जाहीर झाला.

नाव आणि हात यांची ही फारकत जून 2025 मध्ये पुन्हा दिसली. प्राडाने मिलानमध्ये कोल्हापुरीच्या घाटाच्या चपला मांडल्या आणि त्यांना नुसते चामड्याचे सँडल म्हटले. ओरड झाली, महाराष्ट्र चेंबरने पत्र लिहिले, तेव्हा कंपनीने भारतीय हस्तकलेची प्रेरणा मान्य केली. अनेकांना तो अस्मितेचा विजय वाटला. पण कोल्हापुरीला 2019 साली मिळालेले भौगोलिक मानांकन नावाचे रक्षण करते, घाटाचे नाही. ते नाव वापरलेच नाही, तर कायद्याला धरायला काय उरते? आणि नाव वापरले, तरी चांभाराची मजुरी आपोआप वाढत नाही.

गतकाळाचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. गिरण्यांनी काठावर आपले नाव छापले, विणणाऱ्याचे कधी छापले नाही. म्हणूनच गिरणी बंद झाल्यावर नावाला किंमत आली आणि विणणाऱ्याला घरासाठी सोडतीची वाट पाहावी लागली. उद्या आपली गोधडी काचेआड झळकली तर जरूर झळको. तिच्या काठावर मात्र दोन गोष्टी छापलेल्या हव्यात : शिवणारीचे नाव आणि तिच्या हातात पडलेली रक्कम. बाहेरचे लेबल मग कोणाचेही असो.