एसी घेण्याआधी हिशेब



वरच्या मजल्यावरील वर्गांत एसी बसवावेत, असा प्रस्ताव विश्वस्तांपुढे आहे. एप्रिलच्या दुपारी तिथे मुले वहीने वारा घेत बसतात, तेव्हा मागणी रास्तच आहे. पण आपली इमारत नेमकी कुठून तापते हे आधी पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा हिशेब आता संगणक करतो. भिंतींची जाडी, स्लॅब, खिडक्यांची दिशा, मुलांची संख्या आणि हवामानाची फाइल त्याला दिली, की वर्षाच्या ८७६० तासांत खोली किती तापेल, वीज किती लागेल, ते समजते. गच्चीवर चायना मोझॅक लावले तर? छज्जा वाढवला तर? एकही वीट न हलवता उत्तर मिळते.

सॉफ्टवेअर कोणते घ्यावे? रंगीत चित्रे पाहून तर मुळीच नाही. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचे ‘एनर्जीप्लस’ २००१ पासून आहे आणि ते फुकट मिळते. दिसायला रुक्ष, सगळे आकड्यांचे कोष्टक. ‘डिझाइनबिल्डर’मध्ये इमारत पडद्यावर काढता येते, ते विकत घ्यावे लागते, पण आतले गणित त्याच एनर्जीप्लसचे! पैसे सोयीचे आहेत. शिकणाऱ्याने रुक्ष वाटेनेच जावे.

सुरुवात एकाच खोलीपासून करावी. आपली दारे-खिडक्या दिवसभर उघडी. किती हवा आत-बाहेर होते हा आकडा अंदाजानेच भरावा लागतो आणि त्यावर सारे उत्तर हलते. शिवाय हवामानाची फाइल वेगवेगळ्या वर्षांतले महिने जोडून केलेल्या ‘सर्वसाधारण’ वर्षाची असते. म्हणून वर्गात थर्मामीटर टांगून रोज नोंद ठेवावीच लागेल. नोंदीशी न जुळलेला आलेख माझ्या टेबलावर आणू नये.

इंग्रजीची भीती वाटते, असे काही मुले म्हणाली. मी स्वतः हिंदी माध्यमातून पदवी घेतली. ‘इन्फिल्ट्रेशन’च्या बाजूला ‘फटींतून शिरणारी हवा’ असे लिहून ठेवले, की काम चालते. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये याच शहरात कलाभवन काढले, तेव्हा तांत्रिक विषयही देशी भाषेत शिकवले जात.

विश्वस्तांना विनंती एवढीच, की एसीची कोटेशने उन्हाळ्याच्या नोंदी हाती येईपर्यंत थांबवावीत. देणगीदारांचा पैसा आहे. अकरावीच्या ज्या विद्यार्थ्यांना हे काम शिकायचे असेल, त्यांनी शनिवारी शाळा सुटल्यावर संगणक कक्षात मला भेटावे. पालकांपैकी कोणी आर्किटेक्ट असतील तर त्यांनीही यावे. इमारतीचा मूळ नकाशा वाचून दाखवणारे कोणीतरी हवेच आहे.