मामांची जीप आणि चिंचेचा कोळ



खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आमच्या गावातून एक फेरी मारा. घरोघरी नुसती धुवाधुवी! कुणाचा ट्रॅक्टर, कुणाची मोटारसायकल, कुणाची चारचाकी. प्रत्येक गाडीभोवती हातात फडकं घेतलेली दोन-तीन मुलं. ‘बाई, आमची गाडी बघा कशी चमकतीय!’ अशी आरोळी येते. मी कौतुकानं थांबते. पण माझी नजर गाडीवर जायच्या आधी त्यांच्या हातातल्या फडक्यावर जाते. असं का? त्यामागे एक गोष्ट आहे. गोष्ट माझ्याच फजितीची आहे, तेव्हा हसलात तरी चालेल!

साल २००१. मी पाचवीत होते. दसऱ्याच्या सुट्टीत मामांकडे गेले होते. मामांची एक जीप होती. बारामती ते इंदापूर ते प्रवाशांची ने-आण करायचे. आमच्याकडे त्याला ‘वडाप’ म्हणतात. जीप जुनीच घेतलेली, तीही कर्ज काढून. पण काय तिचा थाट! गडद निळा रंग, समोरच्या काचेवर देवाचं नाव आणि आरशाला लोंबणारं गोंड्याचं तोरण. मामा तिला मुलीसारखी जपायचे. सारं घर त्या जीपवर चालायचं ना!

आज्जीनं त्या दिवशी मला पितळेची भांडी घासायला बसवलं होतं. चिंचेचा कोळ, चुलीतली राख आणि नारळाची शेंडी. घंगाळ, तांब्या, समई, सगळं कसं सोन्यासारखं लखलखायला लागलं! मी खूष. उरलेला कोळ आणि राख समोर होतीच. मामा दुपारचे झोपले होते. अंगणात जीप उभी होती, धुळीनं माखलेली. मला वाटलं, मामांना उठल्यावर चकित करून सोडू!

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. शेंडी कोळात बुडवली, राखेत घोळली आणि बॉनेट घासायला सुरुवात केली. चांगलं जोर लावून! पाणी ओतलं आणि बघते तर काय, ओलं होतं तोवर ठीक. पाणी वाळलं तसं सगळं बॉनेट पांढुरकं, भुरकट दिसू लागलं. गोल गोल ओरखडेच ओरखडे. म्हणून मी आणखी जोरानं घासलं. आणखी भुरकट!

मामा उठून बाहेर आले. मला वाटलं, आता धपाटा बसणार. पण ते काहीच बोलले नाहीत. बॉनेटवरून सावकाश हात फिरवला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “अगं पोरी, ही जीप हाय, आज्जीचं घंगाळ न्हाय.” मला रडूच कोसळलं.

मित्रांनो, त्या वेळी मला एक प्रश्न पडला होता. घासल्यावर घंगाळ चमकतं, मग जीप का नाही चमकत? तुम्हीच सांगा बरं, प्रश्न चुकीचा होता का?

उत्तर दुसऱ्या दिवशी इंदापूरला मिळालं. मामा मला सोबत घेऊन एका गॅरेजमध्ये गेले. तिथल्या पेंटरकाकांनी ओरखडे पाहिले. एका डबीतून गंधासारखं घट्ट रबिंग काढलं, मऊ फडक्यावर घेतलं आणि हलक्या हातानं बॉनेटवर गोल गोल फिरवू लागले. थोड्या वेळानं फडकं माझ्यापुढे धरलं. ते निळं झालं होतं!

“हा रंग कुणाचा?” त्यांनी विचारलं.

“जीपचा,” मी म्हणाले.

“म्हंजी मी काय करतोय? जीपचा रंगच काढतोय. चरा भरून निघत न्हाय बाळा. त्याच्या आजूबाजूचा रंग घासून चऱ्याच्या पातळीला आणायचा, मग चरा दिसत न्हाय.”

रस्त्यावर खड्डा पडला, तर आपण त्यात मुरूम भरतो. इथं उलटं असतं. खड्डा भरायचा नाही, सगळा रस्ताच खड्ड्याच्या तळाइतका खाली आणायचा! ओरखडा उथळ असेल तर हे जमतं. खोल असेल तर तिथवर पोचेपर्यंत रंगच संपतो आणि खालचा पत्रा उघडा पडतो. म्हणून पेंटरकाका थोड्या वेळानं थांबले. पुष्कळसे ओरखडे गेले होते. डाव्या दिव्याजवळचे दोन-तीन राहिले. “हे ऱ्हाऊ द्या,” ते म्हणाले, “आणि सारखं सारखं रबिंग मारू नका.”

आता माझ्या प्रश्नाचं उत्तर कळलं का? पितळ म्हणजे तांबं आणि जस्त यांचा मिश्रधातू. घंगाळ आतून-बाहेरून सगळं पितळेचंच. वरचा काळपट थर चिंचेच्या आंबटानं सुटला, राखेनं थोडं घासलं गेलं, तरी खाली पुन्हा पितळच! गाडीचं तसं नाही. तिथं पत्र्यावर रंगाचा पातळसा अंगरखा असतो. किती पातळ? सगळे थर मिळून मिलिमीटरचा साधारण दहावा भाग. म्हणजे तुमच्या वहीच्या एका पानाएवढा! हल्लीच्या बहुतेक गाड्यांवर रंगाच्याही वर एक पारदर्शक थर असतो. तो त्या पानाच्याही जवळजवळ निम्मा. सगळी चकाकी असते ती या थराची.

आणि हा अंगरखा फक्त शोभेचा नसतो, बरं का! पत्रा लोखंडाचा. त्याला पाणी आणि हवा मिळाली की गंज चढतो. आपल्या बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत पियाजिओचा कारखाना आहे. तिथं तीनचाकी गाड्या बनतात आणि २०१२ पासून वेस्पा स्कूटरही बनते. ही वेस्पा मूळची इटलीची, १९४६ सालची. तिची गंमत अशी, की तिला आत वेगळा सांगाडा नसतो. तिचा पत्रा हाच तिचा सांगाडा. आता सांगा, असा पत्रा गंजला तर काय होईल? म्हणून रंग टिकवायचा तो नुसता मिरवण्यासाठी नव्हे, गाडी टिकावी म्हणून.

पण मुळात चकाकी म्हणजे काय? एक प्रयोग करा. आईकडून डबा गुंडाळायच्या चंदेरी फॉइलचा तुकडा मागा. चकचकीत बाजूत तोंड बघा. अंधुक का होईना, दिसेल. आता तो हातात चुरगाळा आणि पुन्हा उलगडा. तोंड गायब! फॉइल मळली का? नाही. त्यातलं काही कमी झालं का? नाही. फक्त सपाटी गेली. सपाट पृष्ठभागावरून प्रकाशाचे किरण शिस्तीत परत फिरतात, प्रार्थनेच्या रांगेसारखे. खडबडीत पृष्ठभागावरून ते मधली सुट्टी झाल्यासारखे चहूकडे पळतात. नीरा डाव्या कालव्याचं पाणी शांत असलं की त्यात काठावरचं झाड दिसतं. वारा सुटला की मोडतं. जीपच्या बॉनेटवर मी नेमका असाच वारा सोडला होता!

पेंटरकाकांनी शेवटी दुसरी डबी उघडली. तिच्यात मेण होतं. त्याचा अगदी पातळ हात सगळ्या बॉनेटवर फिरवला. ते धुरकट झालं तसं स्वच्छ फडक्यानं पुसलं. वर पाणी शिंपडलं, तर मोत्यांसारखे थेंब टपाटप घरंगळले! रबिंग काढून घेतं आणि मेण वरून चढतं, हा फरक मी त्या दिवशी शिकले. घासला जायचाच, तर आधी मेणाचा थर घासला जावा, रंगाचा नाही. म्हणून रबिंग क्वचित आणि गरजेपुरतं. मेण मात्र दर दोन-तीन महिन्यांनी, कारण ते ऊन-पावसानं झिजत जातं.

हे मेण येतं कुठून? गाड्यांच्या मेणात कार्नोबा नावाचं मेण नामांकित आहे. ते ब्राझीलमधल्या एका ताडासारख्या झाडाच्या पानांवर असतं. कोरड्या दिवसांत पानातलं पाणी उडून जाऊ नये म्हणून झाडच ते तयार करतं. मधमाशांचं मेण ६२ ते ६५ अंश सेल्सिअसला वितळतं, हे मात्र ८० अंशांच्या पुढे. म्हणून ते उन्हातही तग धरतं.

आणि इतक्या लांब तरी कशाला जायचं? तुमच्या बांधावरचा ऊस बघा. पेऱ्याच्या खाली कांड्यावर पांढरट पट्टा असतो ना? तो नखानं खरवडा. नखात येते ती पूड म्हणजे उसाचं मेण! ऊसही आपलं पाणी असंच जपतो. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या कारखान्यांत ऊस गाळला की हे मेण बरंचसं प्रेसमडमध्ये जातं. तुमचे वडील शेतात खत म्हणून टाकतात ना, तेच ते.

आता कामाचं सांगते. गाडी धुवायची तर अशी:

१. गाडी सावलीत आणि थंड झालेली हवी. तापलेल्या पत्र्यावर पाणी पडताच वाळतं आणि डाग राहतात. आपल्याकडे बोअरचं पाणी क्षारांचं असतं, त्याचे पांढरे ठिपके तर हमखास पडतात.

२. धूळ कोरड्या फडक्यानं कधीच पुसू नका. मुरमाच्या धुळीत कठीण कण असतात. फडकं फिरवलं की त्याचा पॉलिश पेपर होतो! आधी पाणी टाकून धूळ वाहू द्या.

३. दोन बादल्या घ्या. एकीत गाडीच्या शाम्पूचं पाणी, दुसरीत फडकं खळबळायला साधं पाणी. कपड्यांची पावडर नको, ती मेण काढून टाकते. काथ्या, राख, माती यांचं नावच काढू नका!

४. वरून खाली या. टप आधी, चाकं शेवटी. चाकांचं फडकं वेगळं ठेवा. खाली पडलेलं फडकं न धुता पुन्हा गाडीला लावायचं नाही.

५. पाखरांची शीट दिसली तर लगेच ओलं फडकं ठेवा, मऊ पडली की उचला. भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी बघायला गेलात आणि गाडी झाडाखाली लावलीत, तर हे हमखास कामाला येईल. शीट उन्हात भाजली की रंगावर कायमचा डाग पडतो. दसऱ्याला लावलेलं हळदकुंकूसुद्धा खरडू नका, पाण्यानं काढा.

६. स्वच्छ मऊ फडक्यानं कोरडी करा. मग मोठ्या माणसांबरोबर मेण लावा, अगदी पातळ. जाड लावल्यानं जास्त चमकत नाही, पुसताना हात मात्र दुखतात. मेण समोरच्या काचेला, ब्रेकला, टायरला आणि मोटारसायकलच्या सीटला लावायचं नाही. घसरून अपघात होईल.

मेणाची करामत घरी बघायचीय? स्टीलच्या जुन्या, स्वच्छ ताटलीच्या अर्ध्या भागावर न पेटवलेली मेणबत्ती घासा. दोन्ही भागांवर पाण्याचे थेंब टाका. कुठले पसरतात, कुठले गोल राहतात, ते वहीत लिहा.

पालकांनाही दोन शब्द सांगते. आपल्या दोन्ही तालुक्यांच्या जिरायती गावांत उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. तेव्हा नळी सोडून गाडी धुऊ नका, दोन-तीन बादल्यांत काम होतं. आणि मुलांनी हौसेनं गाडी धुतली आणि काही बिघडलं, तर आधी एवढंच आठवा, की ती तुम्हांला खूष करायला गेली होती.

माझ्या मामांना ते आठवलं असावं. इंदापूरहून परतताना जीप प्रवाशांनी भरली होती. एका आजोबांनी विचारलं, “काय हो, दसऱ्याला रंग दिला का गाडीला?” मी मान खाली घातली. मामा हसून म्हणाले, “न्हाय ओ. भाचीनं धुतली.” आणि घरी उतरल्यावर मला हळूच म्हणाले, “आता सुट्टीत आलीस की धुवायची तूच. पर फडक्यानं!”

मी धुतली. दर सुट्टीत, सावलीत, दोन बादल्या घेऊन. सहा वर्षांनी मामांनी ती विकली, तेव्हा घेणाऱ्यानं रंग बघून विचारलं, “एवढी नीट कशी ठेवली?” डाव्या दिव्याजवळचे ते दोन-तीन ओरखडे मात्र तसेच होते. मामांनी ते कधीच बुजवून घेतले नाहीत.

जाता जाता एक कोडं. अळूच्या पानावर पाण्याचा थेंब टाका. तो पान न भिजवता का घरंगळतो? आजचा धडा नीट वाचला असेल, तर अर्धं उत्तर तुमच्याजवळ आहेच. उरलेलं अर्धं पुढच्या आठवड्यात!

तुमची,
बाई