शब्दांची पारख : ‘लॉडेबल’ आणि ‘लॉडेटरी’

निंदेचा शब्द थोडा चुकला तरी बोलणाराचा रोख आवाजावरून कळतो. स्तुतीचें तसें नाहीं. स्तुतीचा शब्द भलत्या ठिकाणीं पडला म्हणजे ज्याचें भलें करावयाचें त्याचेंच नुकसान होतें, आणि करणाराला त्याचा पत्ताहि नसतो. इंग्रजींतील ‘लॉडेबल’ हें विशेषण या दृष्टीनें फार फसवें आहे; म्हणून या खेपेस आम्हीं तेंच परीक्षेस घेतलें आहे.

प्रथम शब्दाचें कूळ पाहूं. लॅटिन भाषेंत ‘लाउस’ म्हणजे स्तुति व ‘लाउदारे’ म्हणजे स्तुति करणें. अमेरिकेंतील विश्वविद्यालयांच्या पदव्यांवर ‘कुम लाउदे’ हे शब्द कित्येकांनीं पाहिले असतील. त्यांचा अर्थ ‘स्तुतीसह’ असा आहे. याच कुळांतून इंग्रजींत दोन विशेषणें आलीं : ‘लॉडेबल’ व ‘लॉडेटरी’. दिसावयास हीं जुळीं भावंडें. परंतु पहिल्याचा अर्थ ‘स्तुति करण्यास योग्य’ आणि दुसऱ्याचा ‘स्तुति करणारें’.

आपल्या घरांतून हा भेद समजण्यास कठीण जाऊं नये. स्तुत्य, पूज्य, वंदनीय, श्लाघनीय या शब्दांतील ‘य’ आणि ‘अनीय’ हे प्रत्यय जें सांगतात, तेंच इंग्रजींत ‘एबल’ सांगतो. तेव्हां ‘लॉडेबल’ म्हणजे स्तुत्य आणि ‘लॉडेटरी’ म्हणजे स्तुतिपर, एवढें ध्यानांत धरिलें कीं घोटाळा मिटला. काम स्तुत्य असतें, त्यावरील भाषण स्तुतिपर असतें. ‘द प्रेसिडेंट मेड अ लॉडेटरी स्पीच’ म्हणजे अध्यक्षांनीं गौरवाचें भाषण केलें. येथें ‘लॉडेबल स्पीच’ असें लिहिलें तर गौरव भाषणाचाच झाला, आणि सत्कारमूर्ति बिचारे हार घालून बाजूसच राहिले !

‘रिस्पेक्टेबल सर’ असा अर्जाचा मायना लिहिणारे याच जातीची चूक करितात. ‘रिस्पेक्टेड’ म्हणजे ज्यांस मान दिला जातो ते. ‘रिस्पेक्टेबल’ या शब्दाची मात्र कालांतरानें उतरण होऊन ‘बऱ्यापैकीं, चारचौघांत चालण्याजोगा’ एवढाच अर्थ पुष्कळदां उरतो. साहेबांस ‘बऱ्यापैकीं महाशय’ म्हणून अर्जास आरंभ करणें कोणास आवडेल ?

आतां दुसरा नियम. ‘लॉडेबल’ हें विशेषण कृति, हेतु, प्रयत्न, उपक्रम यांस शोभतें. माणसास लावल्यास तें इंग्रजी कानास खटकतें. आपलाहि कान येथें तीच साक्ष देतो. ‘स्तुत्य उपक्रम’ आपण रोज म्हणतों. ‘स्तुत्य मुलगा’ असें कोणी म्हणत नाहीं. मग इंग्रजी लिहितांना हा कान कोठें जातो ? कोशांत ‘स्तुति करण्यास योग्य’ असा अर्थ सांपडतो, मुलगा तर खरोखरच तसा असतो, आणि लेखणी पुढें धांवते.

तिसरी गोष्ट याहूनहि सूक्ष्म आहे. या शब्दाच्या पाठीमागें पुष्कळदां एक ‘पण’ दबा धरून बसलेला असतो. ‘द एम इज लॉडेबल’ असें वाक्य आलें कीं चतुर वाचक पुढील ‘बट’ची वाट पाहूं लागतो. आपल्या सभांतूनहि ‘सूचना करणारांचा हेतु स्तुत्य आहे’ असें अध्यक्ष म्हणाले, कीं सूचना नापास होणार हें जुन्या सभासदांस तत्काळ कळतें.

एका वाचक भगिनींनीं आम्हांस एक मसुदा पाठविला आहे, त्यावरून या सूक्ष्मतेची किंमत कळेल. त्यांच्या चिरंजीवांस परदेशांतील शिक्षणासाठीं शिष्यवृत्ति हवी आहे, व शिक्षकांनीं शिफारसपत्र लिहून तें पाहावयास दिलें आहे. त्यांत दोन वाक्यें अशीं आहेत : ‘ही इज अ लॉडेबल स्टूडेंट. हिज एफर्ट्स इन द लॅबोरेटरी वेअर लॉडेबल.’ हें असेंच पाठवावें काय, असें त्या विचारतात.

पाठवूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. पहिलें वाक्य नुसतें विचित्र आहे. दुसरें घातक आहे. मुलानें जीव ओतून काम केलें, असें शिक्षकांस म्हणावयाचें आहे. परंतु मुलास कधींहि न पाहिलेला परीक्षक ‘प्रयत्न स्तुत्य होते’ एवढें वाचून ‘म्हणजे यश आलें नाहीं’ असा अर्थ घेईल, व पुढील अर्ज उचलील. दोष मुलाचा नाहीं, शिक्षकांच्या सद्भावाचाहि नाहीं. एका विशेषणाचा आहे.

गुरुजनांची चूक दाखवावी कशी, हा संकोच आम्ही जाणतों. त्यास उपाय आहे. चिरंजीवांनीं आपली प्रयोगवही घेऊन स्वतः शिक्षकांकडे जावें, आणि ‘माझा अमुक प्रयोग आपल्या पत्रांत यावा, अशी विनंति आहे’ असें म्हणावें. प्रयोग कोणता, तो कितीदां फसला, शेवटीं कसा साधला, हें दोन वाक्यांत आलें, म्हणजे ‘हिज वर्क वॉज एक्सलंट’ एवढें साधें वाक्यहि पुरेसें वजनदार होतें. विशेषणाला पुराव्याची जोड नसेल तर तें पोकळ वाजतें.

विशेषणावर विसंबून राहण्याचा एक मोठा दाखला वैद्यकाच्या इतिहासांत आहे. जखमेंतून दाट, पांढुरका पू येऊं लागला कीं युरोपांतील शस्त्रवैद्य तो शुभ मानीत, आणि त्यास नांव होतें ‘लॉडेबल पस’, म्हणजे स्तुत्य पू ! तेराव्या शतकांत इटलींतील थिओडोरिक यानें जखम भरण्यास पू होण्याची गरज नाहीं असें सांगितलें. परंतु जुनी समजूत शतकानुशतकें टिकली. १८६७ सालीं जोसेफ लिस्टर यांनीं कार्बोलिक ॲसिडानें जखमा स्वच्छ राखण्याची आपली पद्धति ‘लॅन्सेट’ या नियतकालिकांत प्रसिद्ध केली, आणि पुढें हळूहळू तो पू स्तुतीस मुकला. ज्यास एकदां ‘स्तुत्य’ म्हटलें त्याकडे पुन्हां चिकित्सेनें पाहण्यास माणूस सहसा धजत नाहीं.

घरांत मुलांशीं इंग्रजी बोलणाऱ्या मातापित्यांसहि एक सूचना. हा शब्द भारदस्त आहे. त्याची जागा अहवालांत, अग्रलेखांत, सभेच्या ठरावांत. धाकट्या मुलीनें आपलें ताट उचलून ठेविलें तर तिला ‘वेल डन’ म्हणावें. ‘लॉडेबल’ म्हटल्यास ती आपल्याकडे पाहतच राहील, आणि तिचें तें पाहणें अगदीं योग्य असेल.