यंत्राची लेखणी, माणसाची सही

मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये प्राप्तिकर खात्याचा एक आकारणी-आदेश रद्द केला. त्याच्या पुष्ट्यर्थ ज्या तीन निवाड्यांचा आधार घेतला होता, ते निवाडे अस्तित्वातच नव्हते! कृत्रिम बुद्धिमत्तेच्या या युगात यंत्राने पुढे केलेल्या उत्तरांवर आंधळेपणाने विसंबू नका, ती पडताळून पाहा, असे न्यायालयाला बजावावे लागले. न्यूयॉर्कमध्ये असेच काल्पनिक निवाडे सादर करणाऱ्या दोन वकिलांना व त्यांच्या पेढीला जून २०२३ मध्ये पाच हजार डॉलर दंड झाला होता. पुढच्यास ठेच लागली, पण मागचा काही शहाणा झाला नाही!

यात यंत्राची लबाडी शोधण्यात अर्थ नाही. कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येणे संभवनीय, एवढेच ते जाणते. खऱ्याखोट्याची चाड त्याला नाही. म्हणूनच खोटा दाखलाही ते खऱ्याच्याच रुबाबात देते. आम्ही शाळेत वह्या तपासल्या आहेत. न समजता उतरविलेले उत्तर बहुधा सुवाच्य अक्षरातच असे!

आम्ही यंत्राचे वैरी नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये आणलेल्या ‘सुवास’ या भाषांतर-प्रणालीमुळे निकाल मराठीतही उपलब्ध होऊ लागले, याचे स्वागत कोण करणार नाही? परंतु मर्यादाही हवी. केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये ती घालून दिली: निष्कर्ष काढणे वा आदेश देणे यांसाठी या साधनांचा उपयोग निषिद्ध, भाषांतरही जाणकाराने तपासलेच पाहिजे.

हाच दंडक वकिलाच्या कचेरीत, हिशेबनिसाच्या पेढीत, रुग्णालयात आणि, संकोच न बाळगता सांगतो, वृत्तपत्रातही लागू व्हावा. मसुदा यंत्राने करावा. पण सही करणाऱ्याने मूळ आधार स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याखेरीज लेखणी उचलू नये. वरिष्ठांनीही पडताळणीस लागणारा वेळ हा कामाचाच भाग मानावा. वेळ वाचला म्हणून दुप्पट कागद हाताखालच्या माणसापुढे टाकायचे आणि चूक झाली की त्यालाच दोषी धरायचे, हा न्याय नव्हे.

अधिक चिंता आहे ती नव्या पिढीची. ग्रंथ चाळता चाळता, चुकत माकत, उमेदवार वकिलाची नजर तयार होते. ते कष्टच नाहीसे झाले, तर उद्या यंत्राची चूक ओळखणार कोण? सवड यंत्राने द्यावी. विवेक मात्र आपला आपणच कमवावा लागेल.