बदली झाली साहेबांची, किल्ली कोणाकडे?

मागच्या जूनमध्ये पुतणीच्या दाखल्यासाठी एका तालुक्याच्या कार्यालयात गेलो होतो. कागद सगळे पूर्ण. बाबू म्हणाले, "सायबांची बदली झाली ना भाऊ, नव्या सायबांचं लॉगिन अजून आलं नाही." मग हळूच, "तसा जुन्या सायबांचा पासवर्ड आहे आमच्याकडं."

दाखला राहिला बाजूला, मला या दुसऱ्या वाक्याचीच धास्ती बसली.

कार्यालयात नवे कॉम्प्युटर आले की फोटो छापून येतात. पण या जाळ्यात कोण आहे, त्याला काय उघडता येतं आणि तो गेल्यावर ते कोण बंद करतं, याची एकच नोंदवही हवी. तिलाच डिरेक्टरी म्हणतात. हजेरीपट आणि किल्ल्यांची पेटी एकत्र, असं समजा. मायक्रोसॉफ्टची ॲक्टिव्ह डिरेक्टरी २००० सालापासून आहे, ओपनएलडीएपी तर फुकट मिळतं. म्हणजे पैसा नाही ही सबब चालत नाही. राहून जाते ती आखणी.

आपल्या जिल्हा परिषदांचंच घ्या. चंद्रपूरचे १५ तालुके, गडचिरोलीचे १२. आखणी करताना तीन गोष्टी आधी ठरवा.

एक, ओळख माणसाची, अधिकार पदाचा. सेवार्थ, शालार्थ क्रमांक आहेतच, ओळख त्यावर ठेवा. अतिरिक्त प्रभार दिला तर त्या पदाचे अधिकार तेवढ्या मुदतीपुरते जोडा. पासवर्डची चिठ्ठी हातोहात फिरायचं कारणच उरत नाही.

दोन, ओळखीच्या नावात तालुका, जिल्हा घालू नका. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली चंद्रपुरातून वेगळा झाला. उद्या पुन्हा हद्दी बदलल्या, तर हजारो नावं बदलत बसायचं का?

तीन, नोंदवहीची प्रत दूरच्या तालुक्यातही ठेवा. सिरोंचा गडचिरोलीपासून सुमारे २०० किलोमीटर. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटत आलाय. लाइन गेली तरी तिथल्या कर्मचाऱ्याला तिथंच लॉगिन करता आलं पाहिजे. लाइन आली की प्रती आपसात जुळतात, ही सोय या प्रणालींत आहेच.

आणि कार्यमुक्तीच्या आदेशात एक ओळ वाढवा: जुने अधिकार आजपासून बंद. कपाटाच्या किल्ल्या सही घेऊन सोपवता ना? मग याही सोपवा. नाही तं उद्या चुकीचा दाखला निघाला, की जुने साहेब म्हणतील मी नव्हतो, बाबू म्हणतील सही त्यांची. मधल्या मधी मरण आपलं.