धनुष्याला वेगळं भाडं कशासाठी?

पिशोरकरांनो, पोस्ट जरा लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा. ज्यांच्या घरात खेळणारं पोरगं-पोरगी आहे त्यांनी तर वाचाच.

माझी भाची तिरंदाजी करते. शेताच्या बांधाला गवताच्या पेंढ्या रचून सुरुवात केली होती. पुढं कंपाउंड धनुष्य घ्यायची वेळ आली, तेव्हा बहीण-दाजींनी अद्रकीचे पैसे त्यात घातले. स्पर्धेच्या दर्जाचं धनुष्य, साइट, स्टॅबिलायझर, बाण धरून खर्च दीड-दोन लाखांच्या पुढं जातो. आपल्या भागात तेवढ्यात एक जुना ट्रॅक्टर येतो.

दिल्लीच्या स्पर्धेसाठी निवड यादी लागली ती चार दिवस आधी. सचखंडचं कन्फर्म तिकीट मिळेना. मग नातेवाइकांनी वर्गणी काढून चिकलठाण्याहून विमानाचं तिकीट काढलं. आदल्या रात्री किराणा दुकानातल्या काट्यावर सामान मोजलं. धनुष्याची पेटी नऊ किलो, कपडे चार किलो. एकूण तेरा. तिकिटावर पंधरा किलोची मुभा. म्हटलं, झालं काम.

कुठलं काय! काउंटरवरून भाचीचा फोन, "मामा, वजन बसतंय, पण हे खेळाचं सामान आहे म्हणून वेगळे पैसे मागू लागले."

आता मला सांगा, त्याच पेटीत तेरा किलो साड्या असत्या तर एक रुपया लागला नसता. वजन तेच, विमान तेच, माणूस तोच. मग पैसे वजनाचे की खेळण्याचे?

पैसे भरले. वर "सामान नाजूक आहे, मोडलं तर जबाबदारी मर्यादित" अशा चिठ्ठीवर सहीही घेतली. दिल्लीत पेटी आली ती कोपऱ्याला तडा जाऊन, आत साइट वाकलेली. सरावाचा अख्खा दिवस दुरुस्तीत गेला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका कंपनीचा नाहीच. प्रश्न नियमाचा आहे.

एप्रिल २०२४ मध्ये डीजीसीएनं परिपत्रक काढलं. पसंतीची सीट, खाणं-पिणं, लाउंज अशा सात सेवांचे पैसे विमान कंपन्यांना तिकिटापेक्षा वेगळे घेता येतील, असं त्यात आहे. त्याच यादीत खेळाचं साहित्य आणि वाद्यंही आहेत. हेतू काय, तर ज्याला सेवा नको त्याला तिकीट स्वस्त पडावं. हेतू चांगला आहे. पण लाउंजमधला चहा आणि तिरंदाजाचं धनुष्य एका रांगेत कसं बसतं? चहा नको म्हणता येतो. धनुष्य घरी ठेवून स्पर्धेला जायचं का? आणि बाण तर विमानात सोबत घेऊच देत नाहीत, ते चेक-इनलाच द्यावे लागतात.

काही जण म्हणतील, लांबलचक सामानाला जागा लागते, हाताळायला माणूस लागतो. मान्य. पाच मीटरचा पोल असेल तर घ्या पैसे. पण सुटकेसएवढ्या पेटीला कशाचे? युरोपात काही विमान कंपन्या बर्फावर घसरायच्या स्कीची लांब पिशवीसुद्धा सामानाचा एक नग म्हणून धरतात. तिथं हौशी पर्यटकाला जे मिळतं, ते इथं राज्यासाठी खेळणाऱ्या पोरीला का नाही?

नुकसानीचंही तेच. देशांतर्गत प्रवासात सामान हरवलं-मोडलं तर भरपाईची मर्यादा वीस हजार रुपये. दोन लाखांच्या धनुष्याला वीस हजार!

ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे एकाच दिवशी जगज्जेते झाले. आख्ख्या महाराष्ट्रानं फटाके फोडले. पदक आलं की बसस्टँडवर फ्लेक्स लावायला सगळेच पुढं. पेटीचं भाडं भरायला कोण? खाशाबा जाधवांना १९५२ च्या हेलसिंकीला जायला लोकांकडून पैसे गोळा करावे लागले होते. सत्तर वर्षं उलटली, वर्गणी काही सुटली नाही.

मागण्या तीनच आहेत. एक, संघटनेचं निवडपत्र दाखवणाऱ्या खेळाडूकडून वजनाच्या मुभेत बसणाऱ्या साहित्याचे वेगळे पैसे घेऊ नयेत. दोन, राज्याच्या क्रीडा खात्यानं प्रवासखर्चात साहित्याच्या भाड्याचा स्वतंत्र रकाना ठेवावा. तीन, निवड यादी किमान महिनाभर आधी लावावी, म्हणजे गरिबाचं पोर रेल्वेनं तरी जाईल. आपल्या खासदार-आमदारांना हे निवेदन मी देणार आहे. सह्या हव्यात.

तोवर पोरांनो, एवढं करा. पेटी बंद करण्याआधी आतून-बाहेरून फोटो काढा. साइट सोडवून कपड्यांत गुंडाळा. खरेदीचं बिल मोबाइलमध्ये ठेवा. किंमत जास्त असेल तर काउंटरवर आधीच जाहीर करा. त्याला थोडे पैसे लागतात, पण भरपाईची मर्यादा वाढते. पेटी हातात आली की तिथंच उघडून बघा आणि मोडतोड दिसली तर विमानतळ सोडण्याआधी लेखी तक्रार द्या. नंतर लक्षात आलं तर सात दिवसांच्या आत कळवा. कंपनीनं दाद दिली नाही तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाका.

भाची पुढच्या स्पर्धेला पुन्हा जाणार आहे. पेटीचा तडा सध्या चिकटपट्टीनं बुजवलाय. नियमाचा तडा बुजवायला मात्र आपल्या सह्या लागतील. कमेंटमध्ये नाव लिहा, पोस्ट पुढं पाठवा.