घराबाहेर जायचे कोणी?

२४ मार्च २०२० च्या रात्री संपूर्ण देशाला घरात थांबण्याचा आदेश मिळाला. साथ रोखण्यासाठी तो आवश्यक होता, याविषयी आमचा वाद नाही. परंतु घर म्हणजे सुरक्षित स्थान, हे जे आपण सर्वांनी गृहीत धरले, ते किती जणींच्या बाबतीत खरे होते?

२७ फेब्रुवारी ते २२ मार्च या पंचवीस दिवसांत राष्ट्रीय महिला आयोगाकडे कौटुंबिक हिंसाचाराच्या १२३ तक्रारी आल्या होत्या. पुढील पंचवीस दिवसांत त्या २३९ झाल्या. १० एप्रिलला आयोगाने व्हॉट्सअ‍ॅप क्रमांक जाहीर केला. पण एका खोलीच्या बिऱ्हाडात, घरातला एकुलता एक फोन नवऱ्याच्याच हाती असताना तक्रार करायची कशी? एरवी माहेर असते, शेजारीण असते, तो कामावर गेला की दुपारचा निवांतपणा असतो. टाळेबंदीने हे सारेच हिरावून घेतले.

यावर कुटुंबसंस्थाच मोडीत काढा म्हणणारी पुरोगामी मंडळी आहेत. त्यांचे सोडून देऊ. खेद वाटतो तो आपल्यातील काहींचा. ‘ही पाश्चात्त्यांची दुखणी, आपल्याकडे भांड्याला भांडे लागायचेच’, असे ते म्हणतात. भांड्याला भांडे लागते तेव्हा आवाज दोन्हींचा होतो. येथे पोचे एकाच भांड्याला येतात आणि तेच गप्प असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) सुमारे २९ टक्के विवाहितांनी पतीकडून हिंसा झाल्याचे सांगितले. हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागणाऱ्या स्त्रिया मात्र जेमतेम १४ टक्के! कुटुंबाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी या आकड्यांपुढे मान खाली घालायची नाही, तर कोणी?

एप्रिल २०२० मध्ये पुणे जिल्हा परिषदेने, समजावूनही न ऐकणाऱ्या पुरुषाची रवानगी संस्थात्मक विलगीकरणात करण्याचे जाहीर केले. म्हणजे घर सोडायचे ते मारणाऱ्याने! यात नवे काही नाही. २००५ चा कायदा न्यायालयाला नेमका हाच अधिकार देतो. तरीही आपले वडीलधारे आजही तिलाच सांगतात, ‘चार दिवस माहेरी जाऊन ये, शांत होईल तो.’

त्या काळात आपले कार्यकर्ते शिधा घेऊन असंख्य दारांत उभे राहिले. दार उघडणाऱ्या किती जणींना, नवरा जवळ नसताना, ‘ताई, घरी सारे ठीक आहे ना?’ असे कोणी विचारले?